चौथ्या ओळीतलं नाव

मी भ्रमिष्ट झाले आहे ही बातमी मला सगळ्यांत शेवटी कळली. आधी ती एका मुलीच्या हातातल्या टॅबलेटला कळली, मग मॅडमना, मग माझ्या मुलाला, सुनेला आणि सुनेच्या आईला. मग एकदा वरच्या मजल्यावर नेऊन माझ्या पायातली चप्पल काढून घेतली तेव्हा मलाही कळवावं असं कुणाला तरी वाटलं. गावभर पत्रिका वाटून झाल्यावर नवरीला लग्नाचं आमंत्रण द्यावं, तसला प्रकार. मी तक्रार करत नाही. आमच्या वयात बातम्या उशिराच पोचतात.

तिथे मी कशी पोचले ते सांगते. डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर आहे. ‘हे’ गेल्यापासून मी तिथे एकटीच राहते. स्वयंपाकघरातल्या माळ्यावर कुकरची जुनी रिंग ठेवलेली होती, ती काढायला स्टुलावर चढले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्टुलावर चढू नये हे मला मान्य आहे, पण ते कुकरला कोण सांगणार? खुब्याचं हाड मोडलं. मुलगा ठाण्याला राहतो, त्याने धावपळ केली, ऑपरेशन ठाण्यातच झालं. त्यानंतर थोडे आठवडे कुणीतरी उठवायला, बसवायला, चालवायला हवं होतं. मुलाचं घर प्रशस्त आहे, पण ते सकाळी कामावर जातं आणि संध्याकाळी परत येतं. म्हणून मला ठाण्यातल्याच एका केंद्रात ठेवलं. केंद्राच्या नावात आनंद, संध्या आणि छाया यांपैकी दोन शब्द होते, कुठले ते सांगत नाही. अशा सगळ्याच केंद्रांच्या नावांत यांपैकी दोन शब्द असतात.

केंद्र स्वच्छ होतं, यात वाद नाही. फरशीत तोंड दिसायचं. दारात शिरताच भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो होते आणि त्या सगळ्यांचे दात उत्तम होते. केंद्र चालवणाऱ्या मॅडमनी माझं स्वागत केलं, म्हणजे माझ्या मुलाचं केलं. त्या त्याला विचारत होत्या, “आईंना साखर चालते का? आईंना झोप लागते का? आई चिडतात का?” मी दोघांच्या मधे खुर्चीत बसले होते. शेवटच्या प्रश्नाला मीच उत्तर दिलं, “आत्ता चिडते आहे.” मॅडम मुलाकडे बघून गोड हसल्या. दुकानात मुलाने रडून बाहुली मागितली की दुकानदार आईकडे बघून हसतो ना, तशा.

पहिल्याच दिवशी ती मुलगी आली. विशीतली, तरतरीत, निळ्या गणवेशात, केसांना चाप घट्ट लावलेला. ती माझी ‘केअरगिव्हर’ असल्याचं तिने सांगितलं. पलंगाच्या कडेला टेकली आणि टॅबलेट मांडीवर घेऊन प्रश्न विचारू लागली. “आजी, नाव सांग. वय? आत्ता आपण कुठे आहोत? घरी कोण कोण असतं?” मी सगळं नीट सांगितलं. मी ठाण्याच्या कोर्टात लघुलेखक होते. प्रश्न ऐकून नेमकं उत्तर देणं म्हणजे काय, हे हजारो साक्षीदारांना ते न देताना बघून शिकले होते. मग तिने विचारलं, “नवऱ्याचं नाव काय?”

इथे आमच्या पिढीची एक खोड सांगायला हवी. मी नवऱ्याचं नाव घेत नाही. नोकरी केली, दुसऱ्यांच्या नवऱ्यांची नावं त्यांच्या गुन्ह्यांसकट टाइप केली, बँकेत, शाळेत, रेशनच्या कचेरीत ह्यांचं नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं. पण तोंडाने कधी उच्चारलं नाही. ते एका देवाचंच नाव आहे, त्यामुळे आरतीत ती ओळ आली की मी टाळ्यांचा जोर वाढवते आणि ओठ मिटून घेते. हे कल्याणजवळ मोहन्याला रेयॉनच्या कारखान्यात कामाला होते. घरी काही अडलं की मी वाण्याच्या दुकानातून तिथे फोन लावायची आणि म्हणायची, “जरा ह्यांना बोलवता का?” तिकडच्या ऑपरेटरला एवढं पुरायचं. अख्ख्या कारखान्यात नावाशिवाय बोलावला जाणारा एकच माणूस होता. तुम्ही याला मागासलेपणा म्हणा. मला ती आमच्या दोघांतली एक गंमत वाटायची, आणि अजूनही वाटते.

नाव घ्यायचंच झालं तर उखाण्यात. माझा उखाणा मी स्वतः रचलेला आहे. लग्नानंतरच्या पहिल्या हळदीकुंकवाला, मोहन्याच्या चाळीत, सगळ्या बायकांनी मला कोंडीत पकडलं होतं तेव्हाचा. चांगला चार ओळींचा आहे. त्या चाळीत दोन ओळींत सुटका करून घेणारीला आळशी समजत.

तर त्या मुलीने नवऱ्याचं नाव विचारलं आणि मला बरं वाटलं, हे कबूल करते. कितीतरी वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. लग्नांत आता नव्या नवऱ्यांचीच नावं घेतात, आमच्यासारख्यांना कोण आग्रह करतो? मी गाऊनची बाही सारखी केली आणि सुरुवात केली:

“भोंगा वाजला मोहन्याला, उजाडली पहाट,
डब्यात भरली पोळीभाजी, वर लोणच्याचा थाट,
संध्याकाळी खिडकीत उभी, बघते त्यांची वाट...”

आणि मी थांबले. तिसऱ्या ओळीनंतर थांबायचंच असतं. तिथे बायका “पुढे गं, पुढे?” म्हणतात, कुणीतरी कोपराने ढोसतं, आपण लाजल्यासारखं करायचं आणि मग चौथ्या ओळीत नाव यायचं. नाव सगळ्यांना माहीतच असतं, मजा त्या थांबण्यात असते.

मुलीने मान वर करून विचारलं, “रोज बघतेस वाट?”

मला वाटलं, पोरगी रसिक आहे, चिडवते आहे. मी म्हटलं, “रोज.”

“आणि येतात ते?”

“येतील की,” मी म्हटलं, “तू जरा आग्रह तर कर.”

“ओके आजी,” ती म्हणाली, काहीतरी दाबलं आणि उठून गेली. तिला पलीकडे अजून डझनभर म्हातारी माणसं उरकायची होती. नाव माझ्या तोंडातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मला वर हलवलं. तिथल्या दाराला बाहेरून आकडे दाबून उघडायचं कुलूप होतं. चहा कपातून न येता झाकणाला चोच असलेल्या प्लास्टिकच्या पेल्यातून आला. फोन ‘जपून’ ठेवण्यात आला. चप्पल गेली, कारण चपलेने माणूस बाहेर जातो. दुपारी माझ्यापुढे एक कागद आणि रंगीत खडू ठेवले, कागदावर पोपट होता. मी म्हटलं, हे काय आहे? तर म्हणे, “ॲक्टिव्हिटी. आपण पोपटाला छान छान हिरवा रंग द्यायचा.” तिथे सगळं ‘आपण’ करायचो. आपण जेवायचं, आपण अंघोळ करायची, आपण गोळी घ्यायची. गोळी मात्र प्रत्यक्षात मी एकटीच घ्यायची.

मला का हलवलं हे मॅडमनी मुलाला समजावून सांगितलं आणि मी तिथे हजर असल्यामुळे ते मलाही ऐकायला मिळालं. आईंना काळाचं भान राहिलेलं नाही. पतीचं नाव आठवत नाही. ते जिवंत आहेत आणि संध्याकाळी कारखान्यातून परत येतील अशी त्यांची समजूत आहे. मुलाचे डोळे भरून आले. तो माझा हात हातात घेऊन म्हणाला, “आई, बाबांची एवढी आठवण येते तुला? कधी बोलली नाहीस.”

“अरे, मी उखाणा घेत होते,” मी म्हटलं.

“हो आई,” तो म्हणाला.

“चार ओळींचा आहे. तिने तीनच ऐकल्या.”

“हो आई.”

तो अगदी प्रेमाने हो म्हणत होता. नंतर कळलं की घरच्यांसाठीही त्यांचं मार्गदर्शन असतं आणि त्यात पहिलाच नियम आहे की वाद घालू नये. माझ्या मुलाने शाळेत असताना शिक्षकांचं कधी ऐकलं नाही. आता ऐकायला लागला होता.

मी हट्टी आहे. अक्कल शाबूत असल्याचे पुरावे गोळा करायचे ठरवले. न्यायालयात जन्म गेला, पुराव्याची मला भीती नव्हती. पण तिथला कायदा वेगळा होता. मी तारीख अचूक सांगितली, तर म्हणाल्या, “वा, आज चांगला दिवस आहे आजींचा.” म्हणजे काल वाईट होता आणि उद्या परत होईल. मी चिडले तर ‘चिडचिड वाढली’. गप्प बसले तर ‘बोलणं कमी झालं’. घरी जायचंय म्हटलं, तर या आजारात घरी जायचंय असं सगळेच म्हणतात म्हणे. एकदा मी माझ्या जुन्या कामातला लांबलचक साक्षीचा उतारा धडाधडा म्हणून दाखवला. मॅडमनी कौतुकाने मान हलवली आणि म्हणाल्या, “बघा, जुनं सगळं कसं लख्ख असतं. जातं ते अलीकडचं.” खुनाच्या आरोपीलाही संशयाचा फायदा देतात. मला मात्र कुणी कसलाच फायदा द्यायला तयार नव्हतं.

माझ्या शेजारच्या पलंगावर एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना बाई म्हणत, मीही म्हणे. त्या तिथे बऱ्याच काळापासून होत्या आणि रुळल्या होत्या. पोपट रंगवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. मला रागाने धुमसताना बघून एकदा त्या हळूच म्हणाल्या, “अहो, इथे चिडू नये. चिडलात की गोळी वाढते. हसत राहा आणि पोपटाला हिरवा रंग द्या. मी एकदा निळा दिला होता, तर डॉक्टरांना फोन गेला.”

पुढे एका दिवशी कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण होतं. बाहेरून एक प्रशिक्षक आले होते, हातात माइक, मागे पडदा. मुलींना शिकवताना समोर नमुना असावा म्हणून आम्हा दोघी-तिघींना पहिल्या रांगेत खुर्च्या दिल्या. पडद्यावर आलं, ‘वार्धक्य म्हणजे दुसरं बालपण’. मला बालपणाची आठवण आहे. तेव्हा मला कुणी डायपर बांधून वर ‘गुड गर्ल’ म्हणत नव्हतं.

प्रशिक्षक म्हणाले, “पेशंट काहीही बोलला तरी पहिला शब्द काय? हो! वाद नाही. हो म्हणा, विषय बदला, एखादी छान गोष्ट बोला. हे बघा.” ते माझ्यापुढे वाकले आणि ओरडून म्हणाले, कारण म्हातारं म्हणजे बहिरं, “आजी, तुम्हाला काय हवंय?”

“माझी चप्पल,” मी म्हटलं.

“हो हो, देऊ या हं! अरे वा, आज काय सुंदर साडी नेसलात!”

माझ्या अंगात केंद्राचा फुलाफुलांचा गाऊन होता. मुलींनी भराभर लिहून घेतलं, हो म्हणायचं, साडीचं कौतुक करायचं. पुढचा आठवडाभर आम्हा सगळ्यांच्या गाऊनांचं ‘सुंदर साडी’ म्हणून कौतुक चाललं होतं. दोन आजोबांच्या लुंग्याही त्यात सापडल्या.

त्या मुलीवर मात्र मला नीट रागावता येईना. अंघोळीचं पाणी ती आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघायची. पाय उचलताना ऑपरेशनच्या बाजूला हात असा द्यायची की कळ यायची नाही. हात तिचा मायेचा होता, हे लिहिलं नाही तर मी खोटं लिहीन. एकदा पाठीला साबण लावत असताना मी विचारलं, “याआधी कुठे कामाला होतीस?”

“एमआयडीसीत. पॅकिंगला. बिस्किटं.”

“आणि हे काम कुठे शिकलीस?”

“ट्रेनिंग झालेलं ना तीन दिवस. एक दिवस हात कसे धुवायचे ते, एक दिवस डायपर. तिसऱ्या दिवशी सर्टिफिकेट आणि फोटो.”

“आणि माणसाशी बोलायचं कसं ते?”

ती हसली. “ते काय शिकायचं आजी? ते तर येतंच ना.”

मी म्हटलं, “त्या दिवशी तू मला नवऱ्याचं नाव विचारलंस. मी उखाणा घेत होते. तू अर्ध्यात उठून गेलीस.”

“उखाणा? तो रीलवर असतो तसला? ते तर दोन लायनीचे असतात.”

“चार ओळींचेही असतात. नाव चौथ्या ओळीत येतं.”

“चार?” ती खरंच चकित झाली होती. “एवढं कोण ऐकत बसणार आजी? मला नऊच्या आत सगळ्यांच्या अंघोळी करायच्या असतात.” मग म्हणाली, “मी मुद्दाम नाही केलेलं. ऑप्शनच दोन आहेत त्यात. ‘आठवतं’, नाहीतर ‘आठवत नाही’. उखाणा असा ऑप्शनच नाहीये.”

“मग आता मॅडमना सांग.”

“सांगितलेलं समज. पण त्या म्हणतील, हो म्हण.”

तिने सांगितलंही असेल. पण मधल्या काळात मुलगा आला आणि त्याने मला चाकांच्या खुर्चीवरून खिडकीशी नेऊन खूप हळुवारपणे एक विषय काढला. डोंबिवलीचं घर बंद पडून आहे. ओल धरेल. तिथे तू एकटी राहणं आता कसं शक्य आहे? भाड्याने द्यावं म्हणतो. माणसं बघून गेली आहेत, कुटुंब चांगलं आहे. तुझी भांडी, कपाट, बाबांचा फोटो, सगळं मी आमच्याकडे नीट ठेवतो. पुढच्या गुरुवारी इथे परत एकदा तुझी तपासणी आहे, तेव्हा मीही येतो. ते काय म्हणतात त्यावर ठरवू.

“ते म्हणाले मी ठीक आहे, तर?”

“तर प्रश्नच नाही आई. एक बाई लावू दिवसभराची आणि तू घरी.”

“आणि नाही म्हणाले तर?”

तो खाली बघत म्हणाला, “तर तू इथेच बरी.”

म्हणजे गुरुवारी एका प्रश्नाच्या उत्तरावर माझं घर अवलंबून होतं. बाकी सगळी उत्तरं मी देतच होते, अडलं होतं ते त्या एका नावापाशी. मी बाईंना सांगितलं. त्या पोपटाचे पंख रंगवता रंगवता म्हणाल्या, “अहो, मग सांगून टाका की कोरडं. हे नाव अमुक अमुक. कोर्टात साक्षीदार सांगतात तसं. काय राहिलंय आता त्यात?”

“तेवढंच राहिलंय,” मी म्हटलं.

मला रडू आलं. इतके दिवस आलं नव्हतं, ते एवढ्याशा वाक्याने आलं. हे गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी होते. ते शुद्धीवर नव्हते. इस्पितळातली एक वयस्कर नर्स मला म्हणाली होती, “नावाने हाक मारा, कधी कधी ऐकू जातं.” मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, “अहो.” परत म्हटलं, “अहो, ऐकलंत का?” दुसरं काही माझ्या तोंडून आलं नाही आणि यायचं कारणही नव्हतं. आयुष्यभर त्या हाकेला ‘ओ’ देऊन ते उठले होते. परक्या माणसाने हाक मारावी तसं नाव ऐकून त्यांना काय वाटलं असतं? मला त्याचा कधी पश्चात्ताप झाला नाही. माझ्या शेवटच्या हाकेत मी तेच शिल्लक ठेवलं, जे आमचं होतं. ज्या बाईने त्या वेळीही नाव घेतलं नाही, तिने ते आता एका टॅबलेटसाठी घ्यावं अशी सगळ्यांची साधी अपेक्षा होती.

बाईंनी मला रडू दिलं. खडू खाली ठेवला आणि काही बोलल्या नाहीत. त्या मजल्यावर न विचारता, न समजावता कुणी शेजारी बसून राहिल्याचं ते एकच उदाहरण मला आठवतं. बाईंचं कुठलंच प्रशिक्षण झालेलं नव्हतं.

गुरुवार उजाडला. मला चांगला गाऊन घातला, केस विंचरले. खालच्या खोलीत मॅडम होत्या, कोपऱ्यात माझा मुलगा होता, आणि समोर टॅबलेट घेऊन तीच मुलगी. मला पाहून ती ओळखीचं हसली. आज आपल्यामुळे आजीचं बरं व्हावं असं तिला मनापासून वाटत होतं, ते दिसत होतं. नाव, वय, पत्ता झाला. आत्ता आपण कुठे आहोत तेही झालं. मग तिने विचारलं, “आजी, आजोबांचं नाव सांग. आरामात सांग. मी ऐकते.”

तिने ऐकलं असतं. तेवढं तिला आता कळलं होतं. मी मॅडमकडे पाहिलं. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. मुलाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर तयार ‘हो आई’ होतं. मी पहिली ओळ म्हणायला तोंड उघडलं आणि मला त्या खोलीत पुढचं सगळं दिसलं. मोहन्याचा भोंगा ऐकूनच मॅडम मान डोलावतील, डब्यापाशी मुलाचे डोळे भरतील, आणि मी वाट बघते म्हणताक्षणी दोघं एकमेकांकडे बघतील. चौथ्या ओळीपर्यंत माझ्याबरोबर ती एकटी मुलगी उरेल, आणि ठरवणार होत्या मॅडम.

मी पाठ ताठ केली. कोर्टात पुकारा करणारा शिपाई म्हणायचा तसं, पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सुरात न लावता, पुढे राव न जोडता, स्पष्ट म्हटलं. नाव अगदी लहान वाटलं. कुठल्याही माणसाचं असतं तसं.

कोपऱ्यात मुलाने झटकन वर पाहिलं. पन्नाशी उलटलेला माझा मुलगा, त्याने आईच्या तोंडून बापाचं असं नाव कधी ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकल्यावर त्याला काय ऐकलं ते कळलं. तो उभा राहिला आणि नुसतं “आई” म्हणाला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. “एक्सलंट! बघा, आठवलं की नाही?”

मुलीने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. ती माझ्याकडे बघत राहिली. मग शिकवल्याप्रमाणे तिने खूण केली, बोटाने पडदा वर सरकवला आणि पुढचा प्रश्न विचारला.

“आज वार कोणता, आजी?”

“गुरुवार,” मी म्हटलं. तेही बरोबर होतं.